मूठ मारल्याची बातमी कशी द्यावी

गूढविद्येवर लिहून नाव काढायचं ठरवलंत, फार बरं केलंत. नळाच्या पाण्यावर लिहा, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर लिहा, दुसऱ्या दिवशी कुणीतरी टेप घेऊन खड्डा मोजून येतो. अदृश्य शक्तीला टेप लागत नाही. मात्र गुरू नीट निवडा. माझं ऐकाल तर ज्यूल बोआ यांना गुरू करा. जन्म १८६८, गाव मार्सेय, कर्मभूमी पॅरिस, पेशा वर्तमानपत्रात लिहिणं. वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे आपली पोरं स्पर्धा परीक्षेचा दुसरा अटेम्प्ट देत असतात त्या वयात, या गृहस्थांनी एका जिवंत सरदारावर खुनाचा छापील आरोप केला. हत्यार कोणतं? मंत्र.

आता धडा सुरू. पहिल्यांदा तुम्हाला एक मेलेला माणूस लागेल. बोआंना तो ल्यों शहरात मिळाला. जोसेफ बुलाँ, चर्चने हाकललेले पाद्री, फसवणुकीबद्दल तुरुंगाची हवा खाऊन आलेले आणि आता स्वतःचा पंथ चालवणारे. वय ६८, हृदयाचं दुखणं. जानेवारी १८९३ च्या पहिल्याच आठवड्यात ते गेले. अशा माणसाच्या मरणाचं कारण डॉक्टरला विचारायला जाल तर बातमी तिथेच संपली. बोआ डॉक्टरकडे गेले नाहीत, पत्रांकडे गेले. मरणापूर्वीच्या पत्रात बुलाँंनी लिहिलं होतं की नव्या सालातले ८, ९, ३ हे आकडे काही चांगले दिसत नाहीत. झालं, पुरावा मिळाला.

मग आरोपी. तो श्रीमंत असावा, शक्यतो खानदानी, आणि त्याने मयताशी पूर्वी भांडण केलेलं असावं. मार्की स्तानिस्लास द ग्वैता या तिन्ही अटींत चपखल बसत होते. त्यांनी १८८८ मध्ये 'गुलाब-क्रूस' नावाची कबालापंथी (कबाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या) मंडळी स्थापन केली होती, आणि त्याच्या वर्षभर आधी बुलाँंना 'तुम्हाला दोषी ठरवण्यात आलं आहे' असं पत्रही धाडलं होतं. ग्वैतांच्या बाजूचं म्हणणं असं की शिक्षा म्हणजे चारचौघांत पितळ उघडं पाडणं, बाकी काही नाही. बुलाँंनी तिचा अर्थ देहदंड असा लावला आणि पुढची काही वर्षं ते आपल्या घरातून उलट मारा करत राहिले. आपल्याकडे ज्याला मूठ मारणं आणि मूठ परतवणं म्हणतात, तोच प्रकार, फक्त फ्रेंचमधून.

९ जानेवारीला 'झिल ब्ला' या दैनिकात बोआंनी ग्वैता आणि मंडळींची नावं घेऊन टाकली. इथली खुबी नीट लक्षात घ्या. मार्की पॅरिसमध्ये, मयत चारशे किलोमीटरवर ल्योंमध्ये. सामान्य खुनाच्या खटल्यात आरोपी तिथे नव्हताच, हा त्याचा बचाव असतो. तुमच्या बातमीत तोच गुन्ह्याचा पुरावा होतो.

एक वजनदार साक्षीदारही हाताशी ठेवा. बोआंकडे कादंबरीकार ह्युइसमान्स होते, सैतानपूजेवर कादंबरी लिहून गाजलेले, आणि दिवसा गृहखात्यात नोकरीला. म्हणजे एका हाताला सरकारी फाइल, दुसऱ्या हाताला सैतान. रोज रात्री झोपायच्या वेळी आपल्या तोंडावर अदृश्य ठोसे बसतात अशी त्यांची तक्रार होती, आणि घरातल्या मांजरालाही ते बसतात असं ते सांगत. (मांजराचा जबाब कुणी नोंदवला नाही, ही त्या काळच्या पत्रकारितेतली त्रुटी.) उपाय म्हणून बुलाँंनी त्यांना एक वडी पाठवली होती. हिराबोळ, धूप, कापूर आणि लवंग. हे वाचून मला उगीचच गहिवरून आलं. यातलं निम्मं सामान आपल्या देवघराच्या खालच्या कप्प्यात असतं आणि उरलेलं मसाल्याच्या डब्यात. एकदा म्हणे ह्युइसमान्सना कचेरीत जाऊ नका असा इशारा मिळाला, ते घरी राहिले, आणि त्याच दिवशी त्यांच्या टेबलामागचा जडशीळ आरसा निखळून नेमका त्यांच्या जागेवर कोसळला. सरकारी कचेरीतली वस्तू भिंतीवरून पडायला सैतान लागतो, यावर विश्वास ठेवणारा वाचक तुम्हाला लाभो.

आरोपी गप्प बसत नाहीत, ही या धंद्यातली अडचण. ग्वैतांनी थेट द्वंद्वाचं आव्हान दिलं. इथे शिष्याच्या मनात एक शंका येईल, ती दाबून टाका. जो माणूस पॅरिसमध्ये बसून ल्योंमधला म्हातारा मारतो, त्याला समोर उभ्या चोवीस वर्षांच्या पोरासाठी पिस्तूल कशाला लागावं? आणि ज्याची खात्री आहे की हा माणूस मंत्राने मारतो, तो साधी गोळी टळावी म्हणून पावलं मोजून अंतर कशाला ठेवतो? ही शंका त्या सकाळी मैदानावर कुणी काढली नाही. काढली असती तर सगळ्यांना नाश्ता घरी करता आला असता.

दोघांनी गोळ्या झाडल्या, कुणालाच लागलं नाही. लगेच कथा निघाली की एक गोळी पिस्तुलाच्या नळीतून बाहेरच आली नाही. वाटेत बोआंच्या गाडीचा घोडा अडून वीस मिनिटं थरथरत उभा होता, अशीही. नंतर ग्वैतांच्याच मंडळीतले डॉक्टर जेरार आंकोस, ऊर्फ पाप्यूस, यांच्याशी बोआंचं तलवारीचं द्वंद्व झालं. त्या वेळी म्हणे गाडीच उलटली, दुसरी केली तर तिचाही घोडा पडला, आणि बोआ खरचटलेल्या अवस्थेत मैदानावर पोचले. तिथे हाताला थोडं लागलं. पॅरिसचे दगडी रस्ते गुळगुळीत असतात, असली माहिती तुमच्या लेखात येता कामा नये. घोडा पडला की तो भुताला बुजला. नाल झिजला होता का, हे विचारायला नालबंदाकडे जाऊ नका.

आता गुरूची एक चूक सांगतो, ती मात्र गिरवू नका. बोआ कधी कधी स्वतः जाऊन बघत. पॅरिसमधल्या बारक्यासारक्या पंथांकडे ते गेले: स्वीडिश गूढवादी स्वीडनबोर्गवाले, थिऑसॉफीवाले, बुद्धाचे नवे भक्त, इजिप्तच्या इसिस देवीचे उपासक, मानवजातीचीच पूजा करणारे. 'पॅरिसचे छोटे धर्म' हे त्यांचं १८९४ चं पुस्तक यातून आलं, आणि वाईट बातमी अशी की ते आजही उपयोगी पडतं. पुढे १८९९ मध्ये बोदिनियेर नाटकगृहात इसिसच्या पूजेचे प्रयोग लागले, त्यातही बोआंचा हात. रंगमंचावर पुजारी आणि पुजारीण, प्रेक्षागृहात तिकीट काढून बसलेले पॅरिसकर. बायकांनी देवीला फुलं वाहिली, पुरुषांनी गहू उधळला. देवी बिचारी हजारो वर्षांनी नाईलहून आली आणि तिला मॅटिनीचा खेळ मिळाला.

शेवटी उत्पन्नाचं बोलू, कारण तुम्ही मघापासून तेच विचारायचं टाळताय. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पॅरिसमध्ये बोआंच्या घरी एक पाहुणे उतरले होते, स्वामी विवेकानंद. यजमानांना इंग्रजी येत नसल्याने स्वामीजींना फ्रेंच बोलावं लागे. आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी बोआंचं कौतुकच केलंय. पण पत्रात यजमानांची ओळख करून देताना लिहिलं की हा लेखणीवर पोट भरणारा माणूस आहे, तेव्हा श्रीमंत नाही. म्हणजे खुनाचा आरोप झाला, दोन द्वंद्वं झाली, सैतानावर जाडजूड ग्रंथ झाला, त्याला ह्युइसमान्सची प्रस्तावना झाली, आणि हिशेब हा. त्याच ऑक्टोबरात दोघं ओरिएंट एक्सप्रेसने कॉन्स्टँटिनोपलकडे निघाले, पुढे अथेन्स, कैरो. बरोबर एम्मा काल्व्हे होत्या, ऑपेरात 'कार्मेन' गाऊन जगभर गाजलेल्या. खर्च त्यांचा.

तेव्हा मंत्र शिका, कापूर-लवंग जवळ ठेवा आणि एखाद्या गायिकेशी ओळख वाढवा.