तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हे, कांडीचा

आरओ यंत्र विकताना दाखवला जाणारा दोन ग्लासांचा प्रयोग व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. नळाच्या पाण्यात कांड्या बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी होते आणि आरओचे नितळ राहते. यावरून नळाच्या पाण्यात दडलेली घाण विजेने उघडी पाडली, असा दावा केला जातो.

पहिला मुद्दा गाळाचा. त्या उपकरणातल्या कांड्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनिअमच्या असतात. धनाग्राला, म्हणजे विजेच्या धन टोकाला, जोडलेले लोखंड विरघळते, त्याचे आधी हिरवट आणि मग ऑक्सिजन मिळताच तपकिरी संयुग बनते. म्हणजे दिसतो तो निव्वळ गंज. 0.1 अँपिअर प्रवाह 5 मिनिटे वाहिला तर फॅरेडेच्या नियमानुसार सुमारे 9 मिलिग्रॅम लोखंड पाण्यात उतरते, आणि ग्लासभर पाणी गढूळ करायला तेवढे पुरेसे आहे.

वायू तपासले की हे आणखी स्पष्ट होते. ऋणाग्रावरचा, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीवरचा, वायू उलट्या परीक्षानळीत धरून पेटती काडी नेली, तर ‘फट्’ असा आवाज होतो, तो हायड्रोजन. पाणी खरोखर हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटत असेल, तर धनाग्रावर त्याच्या जवळपास निम्म्या आकारमानाचा ऑक्सिजन जमून धुमसती उदबत्ती भडकायला हवी. लोखंडी धनाग्रावर मात्र बुडबुडे जवळजवळ दिसतच नाहीत, कारण तिथे वीज पाणी फोडण्याऐवजी कांडीच झिजवत असते. त्याच पाण्यात प्लॅटिनमच्या कांड्या वापरल्या, तर दोन्हीकडे बुडबुडे येतात आणि तपकिरी गाळ होत नाही.

आरओचे पाणी नितळ राहते, कारण त्यात क्षार फार कमी असल्याने प्रवाहच नगण्य वाहतो. त्यात चिमूटभर खाण्याचे मीठ टाकावे. तेही तपकिरी होते. विक्रेता हे करून दाखवत नाही, यात नवल नाही.

रंगावरून आर्सेनिक किंवा कीटकनाशक ओळखण्याचा दावा तर निराधारच आहे. पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. गंजाच्या रंगात ते कुणाला दिसणार? जिवाणूंचाही या रंगाशी संबंध नाही. विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानकाने लिटरला 500 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा ठरवली असून दुसरा स्रोत नसल्यास 2000 पर्यंत मुभा दिली आहे, म्हणजे क्षार असणे हा दोष मानलेलाच नाही. शंका असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. घरच्या 230 व्होल्टच्या विजेवर मात्र हा खेळ करू नये.