लाजेपोटी घरीच बसू नका

मूत्रनलिकेत (लघवी बाहेर येते त्या नळीत) सळी घालून सुख घेण्याच्या प्रकाराला तुमच्या लेखात 'विकृती' म्हटलंय आणि विषय तिथेच संपवलाय. हे पटलं नाही. त्या नळीच्या अस्तरात भरपूर संवेदना असतात, पुरुषांत ती प्रोस्टेट या संवेदनशील ग्रंथीमधूनच जाते. काही प्रौढांना त्यात सुख वाटतं, यात नवल नाही. मी नागपुरात युरॉलॉजी (मूत्रविकार) वॉर्डात नर्स आहे, म्हणून सुरक्षिततेचं लिहिते.

पेनाची रिफिल, वायर, इअरबड अजिबात नको. आत निसटलेली वस्तू पुढे मूत्राशयात जाऊ शकते आणि दुर्बिणीने काढावी लागते. यासाठीच बनवलेली, गुळगुळीत, मागचं टोक रुंद असलेली स्टीलची सळी घ्या. बारीक म्हणजे सुरक्षित, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट फार बारीक सळीच भिंतीत रुतते. पुरुषांची नळी साधारण १८ ते २० सेंटीमीटर, त्यात वळणं. त्यामुळे जोर लावायचाच नाही, अडलं की थांबायचं. सळी उकळून घ्या, हात धुवा, एकदाच वापरायचं निर्जंतुक जेली पाकीट वापरा. तेल, थुंकी नको. बधिर करणारी जेली तर नकोच, दुखणं हाच तर इशारा असतो. लघवीला जळजळ किंवा इन्फेक्शन असेल तर हात लावू नका.

नंतर लघवी करून घ्या. थोडी जळजळ चालते. पण रक्त थांबत नसेल, थंडी-ताप आला, लघवी अडली तर लगेच दवाखाना गाठा. इथल्या धंतोली भागातल्या दवाखान्यांत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून लोक दोन-दोन दिवस कळ काढतात हो! डॉक्टरांना खरं सांगा, आम्ही कोणाला हसत नाही.