बहात्तरची माणसं नुसत्या जिद्दीवर तगली नाहीत

"बहात्तरच्या दुष्काळात माणसं जिद्दीवर तगली, मग आपणही यातून तरू" हे आजच्या संकटात धीर देणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. आमचं गाव माणदेशातलं. आई तेव्हा खडी फोडायला जायची. जिद्द होतीच हो, पण सरकारी काम निघालं होतं म्हणून ती कामी आली! मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, आई पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापतानाच चिरायची, गार झाली की दातांची परीक्षा. नावं ठेवत ठेवत खायचो, पण चूल रोज पेटायची.

आता मागे वळून पाहताना मला धीर येतो तो याच गोष्टीचा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशाचा कायदा करताना तिचाच अनुभव समोर होता. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. म्हणजे लोक निमूट सोसत बसले नव्हते, मागत होते, भांडत होते. लेखात यातलं अवाक्षरही कसं नाही?