‘डॉक्टर हू’ची मूळ धून सिंथेसायझरवर वाजलेलीच नाही

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या पहिल्या भागाबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो : २३ नोव्हेंबर १९६३ला ऐकू आलेली शीर्षकधून संगीतकार रॉन ग्रेनर यांनी सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणाऱ्या वाद्यावर, वाजवली आणि मागच्या धुरकट आकृत्या संगणकावर काढल्या. तारीख बरोबर आहे. बाकीचं नाही.

‘सिंथेसायझरवर’ : अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर १९६४चा, ब्रिटनमधला व्हीसीएस-३ हा सिंथेसायझर १९६९चा. न्यूयॉर्कमध्ये आरसीए कंपनीचं खोलीभर सिंथेसायझर-यंत्र १९५७पासून होतं हे खरं. पण लंडनच्या मैदा व्हेल स्टुडिओतल्या रेडिओफोनिक वर्कशॉपकडे, म्हणजे बीबीसीच्या खास ध्वनी तयार करणाऱ्या विभागाकडे, तसलं काही नव्हतं. उपकरणं तपासायचे ऑसिलेटर (एकसुरी विद्युत-स्वर काढणारी यंत्रं), टेपरेकॉर्डर, ब्लेड आणि टेप जोडायची चिकटपट्टी, एवढ्यावर वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशायर यांनी सहकारी डिक मिल्स यांच्या मदतीने ही धून उभी केली.

खर्जातली ‘डुम-ड-डुम’ ही एका छेडलेल्या तारेच्या ध्वनिमुद्रणातून आलेली आहे. टेप दुप्पट वेगाने फिरवली की स्वर एक सप्तक वर चढतो. एका अर्धस्वरासाठी वेग साधारण ६ टक्के वाढवावा लागतो. पण वेग वाढला की स्वराची लांबीही घटते. म्हणून प्रत्येक स्वर वेगळा उतरवायचा, मोजून कापायचा आणि पुढच्याला जोडायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. काप तिरका द्यायचा, कारण सरळ कापला तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतो. वरच्या सुरावटीतली मींड ऑसिलेटरची आहे. ती बोटांनी पट्ट्या दाबून निघालेली नाही, हे तिच्या सरकण्यातच कळतं. ‘सूं’ करणारा वारा म्हणजे फिल्टरमधून गाळलेली खरखर. स्टेशन न लागलेल्या रेडिओची असते तशी.

एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे उतरवणारं मल्टिट्रॅक यंत्र नव्हतं. खर्ज, सुरावट, वारा यांच्या टेपा वेगवेगळ्या यंत्रांवर चढवायच्या, एकाच क्षणी सुरू करायच्या आणि त्यांची बेरीज आणखी एका टेपवर उतरवायची. इथेच घोळ होतो. एखाद्या टेपमध्ये १ इंच जास्त राहिला तर त्या वेगाला सेकंदाचा पंधरावा भाग चुकतो, आणि तिथून पुढचं सगळंच मागे पडतं. नुसतं ऐकून ती जागा सापडेना, तेव्हा स्टुडिओच्या लांब कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारी शेजारी उलगडून सांधे ताडून पाहिले आणि चुकार तुकडा पकडला, अशी हकिकत मिल्स यांनी सांगितली आहे.

‘ग्रेनर यांनी वाजवली’ : चाल त्यांचीच, पण ती एका कागदावर मावेल एवढी, काही ठिकाणी स्वरांऐवजी ‘ढग’, ‘वाऱ्याचे बुडबुडे’ असे शब्द. तयार धून ऐकून त्यांनी ‘हे मी लिहिलं?’ असं विचारलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. डर्बिशायर यांना अर्धं मानधन मिळावं असं त्यांचं म्हणणं होतं. बीबीसीने नियमावर बोट ठेवलं. पडद्यावर ग्रेनर आणि वर्कशॉप एवढीच नावं आली. डर्बिशायर २००१मध्ये वारल्या. या मालिकेच्या पडद्यावर त्यांचं नाव लागलं २०१३च्या पन्नाशीच्या विशेष भागात.

गैरसमजाचं मूळ बहुधा १९८०च्या आवृत्तीत आहे. वर्कशॉपमधल्याच पीटर हॉवेल यांनी केलेली ती धून खरोखरच सिंथेसायझरची होती, आणि पुष्कळांच्या कानात तीच बसली आहे.

राहिला संगणक. माइक स्पीकरसमोर नेला की शिट्टी वाजते; बर्नार्ड लॉज यांनी रचलेल्या शीर्षकदृश्यात तोच प्रकार चित्राचा आहे. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखला, की चित्र पुन्हा पुन्हा स्वतःत शिरतं आणि आकृत्या आपोआप वळवळू लागतात.