शटडाऊन मारून बॅकअप तपासता येत नाही, राजेहो!

काऊन होते हे अजून? तालुक्याच्या कॉलेजातल्या नेटवर्किंग लॅबमध्ये बॅकअप लिंकचं, म्हणजे मुख्य लाईन पडली की चालू होणाऱ्या दुसऱ्या लाईनचं, प्रॅक्टिकल आजही असंच उरकतात. सिस्को राऊटरच्या प्रायमरी इंटरफेसवर (मुख्य लाईनच्या पोर्टवर) शटडाऊन, म्हणजे पोर्ट बंद करायची कमांड, मारा, बॅकअपवरून पिंग लागला की जर्नलवर सही. तोच पोरगा उद्या एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात नाहीतर दवाखान्यात राऊटर बसवतो. पावसाळ्याआधी रस्त्याच्या कामावरचा जेसीबी गावाबाहेर फायबर तोडतो आणि बॅकअप जागचा हलत नाही. मग त्या पोरालाच शिव्या. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं!

आपल्याकडे लिंक मरते कुठं? फायबर तुटते शेताच्या धुऱ्यापाशी, नाहीतर पलीकडच्या गावात विजेची लाईन जाते आणि तिथलं उपकरण बंद पडते. इकडं ऑफिसात मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल इथरनेटमध्ये बदलणारा डबा) इन्व्हर्टरवर चालूच असतो. राऊटरच्या इथरनेट पोर्टला केबल लागलेली, दिवा हिरवा, इंटरफेस अप, लाईन प्रोटोकॉल अप, म्हणजे राऊटरच्या मते लिंक चालू. स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेला रस्ता) राऊटरच्या टेबलमध्ये तसाच बसून राहते आणि सगळे पॅकेट खड्ड्यात. फ्लोटिंग स्टॅटिक, म्हणजे पहिला रूट गेल्यावरच वर येणारा राखीव रूट, लावलाय, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (आकडा जितका लहान तितका रूटला मान) २०० दिलाय, सगळं बरोबर आहे, पण तो टेबलमध्ये येणार कधी? पहिला रूट निघाला तर ना! शटडाऊन मारल्यावर तो निघतो, म्हणून लॅबमध्ये सगळं झकास दिसते.

बॅकअप इंटरफेस ही कमांड (एक इंटरफेस पडला की दुसरा उठवणारी) वापरली असेल तर त्याहून वाईट. तिथं प्रायमरीला हातानं शटडाऊन मारलं की बॅकअप उठतच नाही, स्टँडबायमध्येच राहते. बंद तुम्ही स्वतः केलंय, म्हणून राऊटर त्याला बिघाड समजत नाही. पोरं तासभर कॉन्फिग पुसून परत लिहीत बसतात, आणि कॉन्फिगमध्ये काहीच चूक नसते! केबल काढा, नाहीतर पलीकडच्या टोकाला बंद करा. फ्रेम रिलेच्या, म्हणजे दूरची ऑफिसं जोडणाऱ्या जुन्या तंत्राच्या, लॅबमध्येही फायबरसारखंच. पीव्हीसी (पलीकडच्या टोकापर्यंतची आभासी लिंक) मेली तरी जवळच्या स्विचशी एलएमआय (लिंकची हालहवाल सांगणारे निरोप) चालू असतो, म्हणून मेन इंटरफेस पडत नाही. बॅकअप पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेसवर, म्हणजे त्या एका पीव्हीसीच्या उपइंटरफेसवर, लावावा लागते, हे कोणी सांगतच नाही.

आणि ‘आयएसडीएन गेलं, आता डायलर कशाला’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो. आयएसडीएन म्हणजे जुनी डिजिटल फोन लाईन, डायलर म्हणजे गरज पडली की लिंक उठवणारी राऊटरची सोय. सिम टाकलेल्या राऊटरच्या सेल्युलर इंटरफेसवर तेच डायलर-ग्रुप (इंटरफेसला लिस्ट जोडणारं), तीच डायलर-लिस्ट (कोणत्या पॅकेटसाठी लिंक उठवायची ते सांगणारी), तोच आयडल-टाइमआउट (कामाचं पॅकेट नसलं तर किती वेळानं लिंक खाली बसवायची) लागते. फरक इतकाच की तेव्हा मिनिटाचं बिल यायचं, आता डेटा पॅक संपते.

तो का संपतो, तेही सांगत नाहीत. डायलर-लिस्ट १ प्रोटोकॉल आयपी परमिट, एवढी एक ओळ, म्हणजे कोणतंही आयपी पॅकेट चालेल, पाठ करून घेतात. ओएसपीएफचा (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलचा) हॅलो निरोप दर १० सेकंदांनी २२४.०.०.५ या पत्त्यावर जाते आणि आयडल-टाइमआउट मुळात १२० सेकंदांचा. टायमर शून्यावर येणारच कसा? लिंक दिवसरात्र उठलेली. शो डायलर मारा आणि डायल रिझनची ओळ वाचा, डेस्टिनेशनमध्ये २२४.०.०.५ दिसते की नाही बघा. दिसलं तर ॲक्सेस-लिस्ट (कोणत्या पॅकेटला हो, कोणत्याला नाही याची यादी) १०१ मध्ये आधी डिनाय ओएसपीएफ एनी एनी, मग परमिट आयपी एनी एनी, आणि डायलर-लिस्टला ती १०१ जोडा. दुसरी ओळ विसरलात तर फोन कधीच लागणार नाही. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: डायलर-लिस्ट पॅकेट अडवत नाही. लिंक कशासाठी उठवायची आणि टायमर कशानं रिसेट करायचा, एवढंच ती ठरवते. लिंक उठलेली असली की हॅलोही तिच्यावरून जाते. डायलर मॅपमध्ये (समोरच्या राऊटरचा पत्ता लिहायच्या ओळीत) ब्रॉडकास्ट शब्द लिहायचा राहिला तर मात्र जात नाही, मग नेबर (शेजारी राऊटर) बनत नाही म्हणून रडणं सुरू.

लिंक सारखी उठायचं दुसरं कारण रूटमध्येच असते. फ्लोटिंग स्टॅटिकला शेवटचा आकडाच दिला नाही तर डिस्टन्स १, ओएसपीएफचा ११०. मग बॅकअपच मेन झाला! आकडा दिला, पण ओएसपीएफकडून १०.२०.०.०/१६ येते आणि तुम्ही स्टॅटिक १०.२०.५.०/२४ चा लिहिला, तरी तेच. लांब मास्क, म्हणजे / च्या पुढचा मोठा आकडा, आधी जिंकते, डिस्टन्सची पाळी नंतर येते. नेटवर्क आणि मास्क दोन्ही तंतोतंत सारखे पाहिजेत. डायलर वॉचलाही (ठरावीक रूट गेला की लिंक उठवणाऱ्या सोयीला) रूटिंग टेबलमधलाच नेटवर्क-मास्क हुबेहूब लागते.

चॅप, म्हणजे लिंक उठताना दोन राऊटरची नाव-पासवर्ड तपासणी, अडकला तर डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन लावा. युजरनेम समोरच्या राऊटरचं होस्टनेम असते, स्वतःचं नाही. पासवर्ड कॉपी-पेस्ट करताना शेवटी आलेली स्पेससुद्धा पासवर्डात मोजली जाते.

आता फायबरसाठी काय करायचं ते नीट शिकवा. आयपी एसएलए १ (ठरावीक वेळानं पिंग मारून बघणारा प्रोब), आयसीएमपी-एको ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), फ्रिक्वेन्सी १० सेकंद, शेड्यूल लावून चालू करा. ट्रॅक १ त्या एसएलएच्या रीचेबिलिटीवर (उत्तर येते की नाही यावर), डिले डाऊन ३० अप ६० सेकंद. प्रायमरीच्या डिफॉल्ट रूटला ट्रॅक १ जोडा, सेल्युलरच्या डिफॉल्ट रूटला २०० द्या. आणि ८.८.८.८ चा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा) प्रायमरीच्या नेक्स्ट-हॉपकडे, म्हणजे त्या लाईनवरच्या पुढच्या राऊटरकडे, बांधा! तो नसला तर बॅकअप उठल्याबरोबर प्रोब तिकडून जाते, उत्तर येते, ट्रॅक अप होते, ट्रॅफिक परत मेलेल्या फायबरवर. पुन्हा डाऊन, पुन्हा अप. त्याच /३२ चा नल० कडे (पॅकेट फेकून देणाऱ्या खोट्या इंटरफेसकडे) २५० डिस्टन्सचा दुसरा रूट टाका, म्हणजे पोर्ट खरंच पडला तरी प्रोब सिमवरून जाणार नाही.

सही करायची तर अशी करा. राऊटर आणि कन्व्हर्टरमधली केबल राहू द्या, कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर काढा. हिरवा दिवा जळत असताना शो ट्रॅक डाऊन दाखवते का आणि रूट बदलते का, पोराला बघू द्या. फायबर परत लावल्यावर ६० सेकंदांहून जरा जास्त थांबा, रूट परत आला का बघा. मग शो डायलर मारून सिमची लिंक १२० सेकंदांत खाली बसते का ते बघा. बसली तरच जर्नल पुढं ओढा.