'फुले योजना सगळ्यांना आहे की' या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ऊसतोड कामगाराला सीझनच्या पाच-सहा महिन्यात सरकारी आरोग्य सेवेचा आधार जवळजवळ नसतोच आणि याची जबाबदारी साखर कारखान्यांवर पण टाकली पाहिजे. त्यावर वाळवा तालुक्यातल्या या ऊस उत्पादक दादांचं म्हणणं असं की फुले योजना (सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना) आता सगळ्यांना आहे, पाच लाखापर्यंत फुकट उपचार आहेत, गावात पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तरी ही माणसं जात नाहीत आणि खासगीत पैसे घालतात, त्याला सरकार काय करणार. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आज इथं उद्या तिथं, त्यांच्या मागं कोण फिरणार. ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण मीडियानं फुगवलं. उचल (सीझनआधीचे आगाऊ पैसे) घेऊन पळणाऱ्यांचे लाड कशाला, आणि शेवटी सगळा बोजा शेतकऱ्यावरच येणार.

मी बीडकडचा. आईबाप टोळीत जायचे, आणि नंतर मी तुमच्याच भागातल्या एका हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून काम केलंय, म्हणजे फुले योजनेच्या त्या काउंटरवर बसणारा माणूस. त्यामुळं दोन्हीकडची बाजू थोडीफार बघितलीय.

योजनेपासून सुरू करतो कारण तिथं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण अर्धंच. २०२३ च्या जुलैमधे जीआर निघाला, रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजना लागू झाली, दीड लाखाचं कव्हर पाच लाख झालं, तेव्हा १३५६ उपचार त्यात होते. चांगलाच निर्णय आहे. पण ही योजना ॲडमिट झालेल्या पेशंटसाठी आहे. हार्टचं ऑपरेशन, किडनी, कॅन्सर, मोठं फ्रॅक्चर. आता फडातली, म्हणजे ऊसतोडीच्या रानातली, दुखणी काय असतात बघा. कोयता डाव्या हाताच्या बोटाला नाहीतर नडगीला लागतो. पाचट डोळ्यात जातं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाय सटकतो, कंबर धरते. बायांना लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, कारण संडास नाही, आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, पाळीत तेच कापड आणि तसंच वाकून तोडायचं. अंगात रक्त कमी. लेकरांना खोकला, जुलाब. यातलं एकही दुखणं ॲडमिट व्हायचं नाही, म्हणजे ते दुखणं असेपर्यंत योजना नाही. ते चिघळलं, सेप्टिक झालं, की मग योजना सुरू.

आणि सुरू झाली तरी कशी होते सांगतो. रात्री ट्रॉली भरताना मोळ्या अंगावर येऊन मांडीचं हाड मोडलेला एक माणूस आमच्याकडं आला होता. पात्र होता, हॉस्पिटल योजनेतलं होतं, ऑपरेशन यादीत होतं. पण रेशनकार्ड गावाकडं पेटीत, पेटीची किल्ली बायकोच्या कमरेला, आणि बायको इथं त्याच्या उशाशी. गावात उरलेली म्हातारी आई, तिच्याकडं साधा फोन. शेवटी शेजारच्या पोरानं कुलूप तोडून कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर कार्डावर नाव वेगळं, आधारवर वेगळं. तातडीच्या केसला फोनवर परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात, ही सोय योजनेत आहे, पण ते पेशंटला माहीत नसतं आणि प्रत्येक हॉस्पिटल ते मनावर घेतंच असं नाही. त्याचं ऑपरेशन झालं, फुकट झालं. पण मधल्या काळात मुकादमानं (टोळी आणणाऱ्या ठेकेदारानं) डिपॉझिट म्हणून जे पैसे भरले होते ते उचलीत चढले ते चढलेच.

आता पीएचसी. हो, आहे. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात सगळे उपचार फुकट आहेत, हे तुम्ही लिहिलं नाही पण तुमच्याच बाजूचा मुद्दा आहे म्हणून मीच सांगतो. मग का जात नाहीत? ओपीडी सकाळची आणि दुपारनंतर थोडा वेळ. टोळी अंधारातच फडात उतरते, दिवसभर तोडायचं, बांधायचं, आणि ट्रॅक्टर येईल तेव्हा भरायचं, मग ते रात्री अकरा असो का पहाटे तीन. मधे दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, त्या दिवसाचं काम बुडालं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात हे तुम्हाला मी सांगायला नको, एक जण गेला की कोयता मोडला, आणि खाड्याचे पाचशे, कुठं कुठं हजार रुपये कापले जातात. म्हणजे सरकारी गोळी फुकट, पण ती घ्यायला जायचे पैसे पडतात. खासगी डॉक्टर रात्री नऊ वाजता पण उघडा असतो, मुकादम गाडीवर बसवून नेतो, सुई मारली की बाई सकाळी परत फडात. बिल उचलीत. त्याला तुम्ही आवड म्हणता, मी म्हणतो तेवढाच एक दरवाजा त्या वेळेला उघडा असतो.

आशाताईंचं पण समजून घ्या. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा, ती लोकसंख्या म्हणजे गावात राहणारे, तिच्या रजिस्टरला असलेले. तिला पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला. गावाबाहेर रानात पाल टाकून बसलेली पंचवीस माणसं तिच्या हजारात धरलेली नाहीत. तरी कितीतरी आशाताई डोस द्यायला सिस्टरला घेऊन कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) जातात हे मी बघितलंय, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण गरोदर बाईचं काय होतं बघा. जूनमधे गावाकडं नोंद झाली, कार्ड मिळालं, एक-दोन तपासण्या झाल्या, दसरा-दिवाळीला टोळी निघाली तेव्हा पाचवा महिना. गावाकडच्या सिस्टरच्या कागदावर ती 'स्थलांतरित', इकडच्या सिस्टरच्या कागदावर ती नाहीच. पुढच्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, बीपी, सगळं मधल्या मधे गळालं, आणि ती आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलतीय. अंगणवाडीच्या बाबतीत महिला बालविकास खात्यानं स्थलांतराची नोंद ठेवणारी सिस्टीम केलीय, एक देश एक रेशनकार्डमुळं धान्य पण दुसऱ्या जिल्ह्यात उचलता येतं. म्हणजे माणसाबरोबर हक्क फिरवता येतो हे सरकारला जमतं. मग गरोदर बाईची तपासणीच का मागं राहावी.

टोळ्या सापडत नाहीत म्हणता, यावर मात्र मला जास्त बोलायचंय कारण तुम्ही स्वतः ऊसवाले आहात आणि तुम्हाला आतलं सगळं माहीत आहे. सीझनच्या आधी कारखाना, वाहन मालक आणि मुकादम यांच्यात करार होतो, त्यात टोळीत किती कोयते हे येतं. शेती विभागाकडं लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, कुठल्या गटात कुठली टोळी, कुठल्या नंबरचा ट्रॅक्टर. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा स्लिपा करणारा माणूस, फडावर येऊन स्लिप करतो. त्या स्लिपवर शेतकरी, टोळी, वाहन, सगळं असतं, काट्यावर वजन होतं, आणि आता तर तुम्हाला मोबाईलवर मेसेज येतो की तुमचा इतका टन ऊस गेला. अहो म्हणजे आज रात्री कुठली टोळी कुठल्या रानात आहे हे कारखान्याला किलोच्या हिशोबात माहीत असतं! तीच यादी आठवड्यातून एकदा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं गेली तर त्या त्या उपकेंद्राला कळेल की तुमच्या हद्दीत सध्या तीन टोळ्या आहेत, त्यात दोन गरोदर, पाच लहान लेकरं. नवीन ॲप नको, सर्व्हे नको. बैलगाडीवाल्यांचं तर अजून सोपं, ते कारखान्याजवळच तळावर चार-पाच महिने एका जागी असतात, तिथं संध्याकाळी सातनंतर आठवड्यातून दोनदा फिरता दवाखाना लावायला काय अडचण आहे. फिरतीचा प्रश्न खरा आहे तो ट्रॅक्टर टोळ्यांचा, त्या दर आठ-दहा दिवसाला गाव बदलतात, आणि नेमकी त्यांचीच माहिती चिटबॉयच्या वहीत ताजी असते.

मग कारखाना ही माहिती का देत नाही. कारण दिली की ही माणसं आमच्यासाठी काम करतात हे कागदावर येतं. कारखाना म्हणतो आम्ही ठेकेदाराला ओळखतो, मुकादम म्हणतो मी पण कामगारच. कायद्यात पण तीच गत. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) कायदा १९४८ चा, कामगाराला दवाखाना आणि आजारपणात पगार देणारा, पण त्यात हंगामी कारखाने वगळले होते आणि हंगामी म्हणजे कोणते त्या व्याख्येत साखर नावासकट लिहिली होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण हंगामी कारखाने बाहेरच ठेवलेत. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, त्यात ठेकेदारानं औषधपाण्याची सोय करायची असं लिहिलं होतं, पण तो दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. म्हणजे आमच्याकडची टोळी बेळगाव-बागलकोटला गेली तर कागदावर कायद्यात, आणि सांगली-कोल्हापूरला आली तर त्यातही नाही. पाटोद्याहून इस्लामपूरला येणारी बाई घरापासून काय जवळ असते का?

गर्भाशयाचं प्रकरण मीडियानं फुगवलं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. २०१९ मधे सरकारनंच नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला, त्यात १३ हजारांवर बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहात एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांमधे हे प्रमाण ३.२ टक्के होतं. फरक तुम्हीच बघा. आणि यात कारखान्यानं किंवा मुकादमानं धरून ऑपरेशन केलं असं मी म्हणत नाही. होतं असं की तिशीच्या आतली बाई, दोन-तीन लेकरं झालेली, दोन-तीन सीझन अंगावरून पांढरं जातंय, साध्या गोळ्यांच्या कोर्सनं बरं झालं असतं ते तसंच राहिलं, मग गावाकडं खासगीत सोनोग्राफी, 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' असं ऐकवलं जातं, आणि तिच्या डोक्यात खाड्याचा हिशोब असतोच की पिशवी गेली तर पाळीची कटकट जाईल, काम बुडणार नाही. उसने काढून ऑपरेशन, त्याचे पैसे फेडायला परत उचल. त्यानंतर बीडमधे नियम झाला की खासगी हॉस्पिटलनं अशा ऑपरेशनला आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायची. चांगला नियम. पण त्यानं ऑपरेशन थांबतं, जळजळ आणि पांढरं जाणं नाही थांबत, कारण ते सुरू होतं तुमच्याकडच्या फडात जिथं तिला कुणी तपासतच नाही. ऑक्टोबरमधे निघताना आणि एप्रिलमधे परतल्यावर तपासणी शिबिरं घेतात, त्यांच्या मधले सहा महिने रिकामे आहेत आणि आजार त्या सहा महिन्यातलाच आहे.

उचलीचं. हो, फसवणूक होते. तुमच्या भागातल्या कितीतरी वाहन मालकांचे लाखो रुपये मुकादमांनी बुडवलेत, पोरांनी ट्रॅक्टरचं कर्ज काढलं आणि टोळी आलीच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यांचं दुःख खोटं नाही. त्याच्यावर पोलीस केस व्हावी, वसुली व्हावी. पण पळाला तो मुकादम, आणि जी टोळी आलीय, थंडीत पाल टाकून तुमचा ऊस तोडतीय, तिच्यातल्या बाईच्या तापाचा त्याच्याशी काय संबंध जोडायचा. उलट दवाखान्याचा खर्च उचलीत चढायचा थांबला तर उचलीचा आकडाच खाली येईल, आणि अडकलेला पैसा कमी झाला तर तो तुमच्या बाजूला पण बराच आहे.

राहिला बोजा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागं कारखान्यानं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं आधीच ठरलेलं आहे. राज्यात चांगल्या सीझनला दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होतं, म्हणजे दोन्ही मिळून दोनशे कोटींच्या घरात. २०२४-२५ ची एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३४०० होती, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला), त्याच्यापुढं हे दहा रुपये किती होतात बघा. आणि ते तुमच्या बिलातून कापू नयेत याच्यासाठी तुम्ही भांडलात तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. माझं म्हणणं एवढंच की या पैशातला मोठा हिस्सा सीझनमधे, जिथं तोड चालू आहे त्या तालुक्यात खर्च व्हावा. संध्याकाळची ओपीडी, फिरता दवाखाना, टोळीतल्याच एका शिकलेल्या बाईला ट्रेनिंग आणि औषधाची पेटी आणि त्याचा मोबदला, आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा महामंडळानं भरून देणं. शेवटचं नसेल तर बाकीचं सगळं करून कुणी दवाखान्यात येणार नाही, हे लिहून ठेवा. केरळनं २०१७ मधे बाहेरून आलेल्या कामगारांसाठी 'आवाज' नावाची विमा योजना काढली, तिथं कामगार केरळचा रहिवासी नसतो, फक्त तिथं कामाला असतो, एवढंच पुरतं. आपल्याकडं तर आपल्याच राज्यातली माणसं आहेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग आम्ही शेतकऱ्यांनी काय करायचं. चिडून विचारलं असेल, पण मी खरंच सांगतो. तुम्ही कारखान्याचे सभासद आहात, सप्टेंबरमधे वार्षिक सभा होते, तिथं उठून एवढंच विचारा की टोळ्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला देणार का नाही. ऊसतोडवाल्याला त्या सभेत बोलता येत नाही, तुम्हाला येतं. आणि यंदा तुमच्या रानात टोळी उतरली की पहिल्या दिवशी गावच्या आशाताईला फोन करून सांगा, गरोदर कोण आहे ते सांगा. मुकादमाला सांगा सगळ्यांच्या रेशनकार्डाचे आणि आधारचे फोटो मोबाईलमधे काढून ठेव. ॲडमिट करायची वेळ आली तर १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटल योजनेतलं आहे का ते १५५३८८ वर विचारा, पोचल्यावर डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्यमित्राचा काउंटर शोधा. तिथं बसलेला माणूस बहुतेक मदत करतो. नाही केली तर इथं कमेंटमधे लिहा, मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावतो.