गंगावेशीच्या कट्ट्यावर गुळाचा सौदा

“मुहूर्ताच्या एका रव्याचा, गुळाच्या ढेपेचा, फोटो पेपरात येतोय. मागनं आलेल्या रव्यांना काय दर निघाला, ते कोण छापतंय?”

दत्तानं दुधाचा ग्लास तोंडाला लावायच्या आधीच सुरुवात केली. दिवाळी पाडव्याच्या सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, निघालेला आकडा सगळ्यांनी वाचलेलाच होता, त्यामुळं तो कुणी उच्चारलाही नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आमची बैठक रात्री जेवणं झाल्यावर भरते. समोर म्हैस बांधलेली, गवळ्यानं डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. दूध पातळ लागलं तर तिथल्या तिथं तोंडावर सांगायचं. पिकवणारा आणि खाणारा असे समोरासमोर उभे राहतील अशा जागा शहरात आता थोड्याच उरल्यात, म्हणून मला हा कट्टा फार मोलाचा वाटतो.

दत्ताचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, आजोबांपासूनचं. दिवाळी सरली की त्याच्या शिवारात चहूकडं चुलवाणांचा धूर दिसायचा. आता त्याच्या गावात दोनच गुऱ्हाळं पेटतात, त्यातलं एक त्याचं.

“हिशेब ऐका. टनभर उसाला गूळ पडतोय एक क्विंटल, लई तर सव्वा. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा झाली तरी ऊसवाल्याला दर आधी ठाऊक असतोय. माझ्याकडं गुळव्या, जळव्या, ऊस तोडणारे, चिपाड वाळवणाऱ्या बायका, गाडीभाडं, हमाली, तोलाई. एवढं सगळं झाल्यावर दर काय, तर सौद्यात रवा फोडून बघितल्यावर कळणार!”

“यावर उपाय क्लस्टर,” नितीन म्हणाला.

नितीन तीन शेतकरी कंपन्यांवर डायरेक्टर आहे आणि स्वतःचं रान त्यानं वाट्यानं दिलंय. बोलताना त्याचे हात असे फिरतात की हवेतच स्लाइड सरकतेय. “गूळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नाचणी, काजू, सगळं एका छत्राखाली. ब्रँडिंग, ट्रेसेबिलिटी, मार्केट लिंकेज. पूर्ण इकोसिस्टम! डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा, तयार आहे.”

“डीपीआर गेल्या दिवाळीलाही तयारच होता,” वैशालीवहिनी म्हणाल्या. “ते सोड. तुझ्या कंपनीत शेतकरी किती?”

“तीनशेच्या वर. केंद्राच्या योजनेत निकषच तो आहे. २०२० साली दहा हजार कंपन्यांची योजना—”

“आणि गिऱ्हाईक किती?”

नितीनचे हात खाली आले.

“तीनशे माणसं विकायला एकत्र आली. घ्यायला एकत्र कोण आलंय?” वहिनींनी विचारलं. “मी राजारामपुरीत खानावळ चालवतो. तांदूळ, डाळ, गूळ, भाजी रोज घेतो. तुझ्या तिन्ही कंपन्यांतला एक माणूस कधी माझ्या दारात आला नाही. मुंबईच्या प्रदर्शनात स्टॉल मात्र दरवर्षी लागतोय.”

वहिनींचा हा प्रश्न मला अगदी मुळावर बोट ठेवणारा वाटला. शेतकऱ्यांनी एकत्र यावं म्हणून आजवर किती भाषणं झाली! खाणावळी, वसतिगृहं, तालमी, मंगल कार्यालयं, गल्लीतली घरं यांनी एकत्र येऊन जवळचा माल उचलावा, असं एकाही व्यासपीठावरून मी ऐकलेलं नाही.

बापूंना एवढा वेळ गप्प बसवत नाही. ते साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झाले. “आम्हाला एकत्र येणं कुणी शिकवू नये. शाहू महाराजांनी इथं गुळाची पेठ वसवली. रत्नाप्पाण्णा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला, तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेचं माळरान फुलवलं. सहकार म्हणजे कोल्हापूर!”

“बापू, तुमच्या कारखान्यानं बिलं थकवली तेव्हा माझ्या सासऱ्यानं सोयाबीन विकून पोरीचं लग्न केलं,” सच्या म्हणाला. सच्याचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. “तेव्हा तुम्ही टाइम ऑफिसात टायमावर पगार घेत होता.”

“अरे, मी चेअरमन होतो काय?”

“व्हायचं होतं की! तालमीचं सेक्रेटरीपद तरी मिळालं का?”

इथं बराच वेळ गेला. तालमीची ती निवडणूक, बापूंच्या पॅनेलच्या फुटलेल्या मतांचा संशय, तिथून शाहू स्टेडियमवरची कुठली तरी जुनी फायनल आणि न दिलेली पेनल्टी. फुटबॉलात बापू पाटाकडील तालमीचे, सच्या दिलबहारचा. त्या दोघांत पडायचं नाही हा कट्ट्याचा नियम आहे.

वहिनींनीच गाडी परत रुळावर आणली. “बापूंचं एक बरोबर आहे. गोकुळ का चाललं ते बघा की.”

मग मी बोललो, कारण हे मला मनापासून पटलेलं आहे. गोकुळ दूध संघ १९६३ चा. संस्थापक आनंदराव पाटील-चुयेकरांचं नाव जिल्ह्यात आजही आदरानं घेतलं जातं, ते उगाच नाही. गावात दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ बाई किटली घेऊन येते, तिच्यासमोर फॅट लागते, कार्डावर लिटर चढतात. दर दहा दिवसांनी बिल. दिवाळीला दरफरक. दोन म्हशींवाल्या बाईलाही तोच काटा आणि तीच फॅट. राजकारण तिथंही आहे, निवडणुकीत पैसा वाहतो तो सगळा जिल्हा बघतो, तरी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन संस्थेत जातेच. कारण तिचा माल कुणीतरी रोज घेतं, तिच्यादेखत तपासतं आणि पैसे ठरल्या दिवशी देतं. गुळाला यातलं काय आहे? रवा फुटतो सौद्यात, रंग बघितला जातो डोळ्यानं, आणि आत साखर किती हे गावात तपासायची सोय नाही.

“साखर!” सच्या उसळला. “आता कसं बोललास. दत्ता, खरं सांग. तुमच्यातले किती जण काहिलीत साखरेची पोती ओततात?”

“ओततात. मी न्हाई म्हणत नाही.” दत्ताचा आवाज चढला नाही. “साखर टाकली की आदणाला, एका काहिलीभर रसाला, रवे वाढतात, कडक बसतात, पिवळेही दिसतात. गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळाच पाहिजे. मी रानभेंडीचा रस घालून मळी काढतो, रंग उजळायचं हायड्रॉस रसायन टाकत नाही. माझा गूळ तांबूस निघतोय, त्याला दर कमी. आता सांग, चोर कोण?”

“तुझ्या दुकानात कुठला आहे रे सच्या?” वहिनींनी विचारलं.

सच्यानं दुधात तोंड घातलं.

“बोल की.”

“पिवळा,” सच्या म्हणाला. “लोक मागतात.”

“लोकांना तांबूस कधी दाखवलास? मी खानावळीत दोन्ही आणून ठेवलेलो. पोरं पहिल्या दिवशी म्हणाली, काकू, गूळ जळला काय? आठवड्यानं पिवळ्याला कुणी हात लावेना. पुरणपोळी केलो त्या दिवशी एक पोरगं गूळ कुठला म्हणून विचारत आत आलं.”

कोल्हापुरी गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवायला ज्यांनी खपून कागद केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मानांकन गुळाला मिळालं आणि साखर मिसळलेला रवाही त्याच नावानं विकला जातोय, ही दत्तासारख्या माणसाच्या पाठीत मारलेली लाथ आहे. आजरा घनसाळचीही तीच गत. जात उंच, वाऱ्या-पावसात लोळते, पीक उशिरा हाताला येतं, उतारा कमी, त्यात हत्ती आणि गवे रानात घुसतात. एवढं सोसून पिकवलेला तांदूळ बाजारात येतो तेव्हा शेजारच्या पोत्यावर तेच नाव लिहून दुसराच तांदूळ विकायला बसलेला असतो.

“म्हणूनच ट्रेसेबिलिटी,” नितीनला पुन्हा वाव मिळाला. “प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोड!”

“नितीन, माझा दोन हजाराचा शेअर आहे तुझ्या कंपनीत,” दत्ता म्हणाला. “त्याचा ताळेबंद कुठल्या कोडवर दिसतोय?”

यावर बापू एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नितीन रागावला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, आणि ते त्यानं पहिल्यांदाच स्लाइड न सरकवता सांगितलं. “तीनशे सभासदांचे दोन-दोन हजार म्हणजे सहा लाख. सरकार तेवढेच घालतंय. बारा लाखांत मी माल काय घेणार? शेतकऱ्याला काट्यावर रोख पाहिजे. व्यापारी रोख देतो. मी चेक देणार, तोही माल विकल्यावर. पहिल्याच हंगामात घनसाळचे शंभरातले ऐंशी सभासद व्यापाऱ्याकडं गेले. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो तारण काय?”

सगळे थोडे नरमले. खेळतं भांडवल हीच तिथली खरी नड आहे, हे मीही अनेक ठिकाणी बघितलं आहे. व्यवस्थापनाचा खर्च योजनेतून मिळतो, तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत, पण ऐन सुगीत माल उचलायला पैसा लागतो, तो येणार कुठून?

“घेणाऱ्याकडून,” वहिनी म्हणाल्या. “मला घनसाळ रोज परवडत नाही, ते सरळ सांगतो. पोरांच्या ताटात कोलमच जाणार. पण घनसाळची कणी? ती तुम्ही काय करता?”

“कणी जाते कुठंतरी स्वस्तात,” नितीन म्हणाला.

“कुठंतरी कशाला? माझ्याकडं पाठव. मऊ भात, खीर, गुरगुट्या भात, रविवारचा मसालेभात. वासाला तीच. कणीला दोन पैसे जास्त मिळाले तर अख्ख्या तांदळाचा दर तेवढा खाली घेता येतोय का, बघ हिशेब. माझ्यासारख्या या राजारामपुरीत खानावळी किती आहेत? सगळ्या बायकांना मी ओळखतो. हंगामाआधी निम्मे पैसे आम्ही भरतो. बाकीचे महिन्याच्या महिन्याला. पण माल मी माझ्या हातानं बघून घेणार, आणि एकदा भेसळ निघाली की दार बंद.”

डीपीआरमध्ये हे एवढं साधं वाक्य कधी नसतं.

“आणि एवढा खटाटोप कशाला? स्वस्त मिळतंय ते घ्यावं,” सच्यानं शेवटचा प्रयत्न केला. “बाहेरचा माल रोज गाडी भरून येतोय.”

“२०१९ ला किती आलेला?” वहिनींनी विचारलं.

कट्ट्यावर त्या पुराचं नाव निघालं की कुणाचा ना कुणाचा नातेवाईक पाण्यात अडकलेला असतोच. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुण्या-बेंगळुरूकडची वाहतूक बंद, शहरात भाजी नाही, पेट्रोल नाही, दुधाचं संकलनसुद्धा ठप्प. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या पुरात वहिनींची चूल पेटत राहिली ती उंचावरच्या गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यामुळं. मिळेल त्या वाटेनं त्यानं तांदूळ, कुळीथ आणि गूळ पोचवला. पोरांनी कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला, वर गुळाचा खडा. पैसे नंतर दिले. लांबच्या गाडीवाल्यानं ते केलं नसतं, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा, तो ओळखतोय कुणाला! आपल्या जिल्ह्यात घाटाचा पाऊस आहे, काळं रान आहे, नद्या आहेत, धरणं आहेत. तरी रस्ता बंद झाला की बाजारात भाजी दिसत नाही. आहे नाही तेवढं रान उसाखाली घालून बसलो त्याची ही किंमत आहे, आणि ती पुन्हा मोजावी लागणार याची मला खरोखर काळजी वाटते.

दत्ता जरा पुढं सरकला. “गणपतीला तालमींचे महाप्रसाद होतात. शहरात मंडळं किती? एकेका ठिकाणी हजारांच्या पंगती. गूळ, तांदूळ, डाळ, सगळं लक्ष्मीपुरीतनं उचललेलं.”

“माझ्याकडनं,” सच्या पुटपुटला.

“तुझ्याकडनंच उचलू दे. मी काय म्हणतोय, आपल्या तालमीनं चैत्रातच सांगावं, भाद्रपदात एवढा गूळ घेणार. मी तेवढी आदणं वेगळी काढतो, साखरेचा कण नाही. ज्याला बघायचंय त्यानं गुऱ्हाळावर येऊन काहिलीपाशी उभं राहावं. रस प्या, काकवी खा, मग गूळ घ्या. सच्याच्या दुकानातनं पोच. त्याचं कमिशन त्याला.”

“किती टक्के?” सच्या आता सरळ बसला होता.

“बघा, व्यापारी पण एकत्र आला,” वहिनी म्हणाल्या.

मग बराच वेळ कामाचं बोलणं झालं. कणीच्या पोत्याला भाडं कुणी द्यायचं, गूळ पावसाळ्यात पाझरू नये म्हणून ठेवायचा कुठं, एक किलोचे रवे पाडायला दत्ताकडं साचे आहेत का, तपासणीचा खर्च कोण करणार. दत्ता पाठकोऱ्या पावतीवर लिहीत होता. नितीन म्हणाला, दोन महिन्यांत ताळेबंद दाखवतो, आणि वहिनी म्हणाल्या, पंधरा दिवसांत. तो पंधरा दिवसांवर आला. मला वाटतं कितीतरी दिवसांनी कट्ट्यावर पोटात पडणाऱ्या घासाविषयी नीट बोललं गेलं.

तेवढ्यात बापूंनी घसा साफ केला.

“सगळं ठीक आहे. पण संस्थेचं नाव काय ठेवायचं? आणि चेअरमन कोण?”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग सच्या म्हणाला, “बापू, पॅनेल टाका. या वेळी मी फुटत नाही.”

“म्हणजे तेव्हा तूच फुटलेलास!” बापू ताडकन उठले.

वहिनींना हसू आवरेना. दत्ताच्या हातातली पावती दुधात भिजली. बापू सच्याच्या अंगावर धावले, नितीन मध्ये पडला आणि गवळी म्हणाला, “ओ, म्हस बुजतीया, जरा लांब जाऊन भांडा!”